चिंचेखालच्या तळ्यातले चार नर

१

शिवांजलीने काचेचा पेला माझ्यापुढे धरला. पेल्यात पाणी होतं आणि पाण्यात कटला माशाची अंडी. चांगली अंडी शिजलेल्या साबुदाण्यासारखी आरपार दिसतात. ही भिजत घातलेल्या साबुदाण्यासारखी पांढरीफटक होती.

"किती गेली?" मी विचारलं.

"सगळी, आबा. एक धड नाही."

मंगळवार होता. सकाळचे दहा वाजले होते. आठ महिन्यांत मी पहिल्यांदाच हॅचरीच्या गोल टाकीपाशी उभा होतो.

ही हॅचरी माझ्या बायकोची, विजयमालाची. मी मिलिटरी पोलिसातून सुभेदार होऊन घरी आलो, तोवर तिने विट्याच्या अलीकडच्या आमच्या खडकाळ रानात तीन तळी खणून घेतली होती. एक चिंचेखालचं, एक मधलं, एक लांबटं. मी तिच्या हाताखाली काम करायचो. मार्गशीर्षात ती गेली. त्यानंतर माझं पाऊल तळ्याकडे वळेना. अंगणात खुर्ची टाकून बसायचो, जेवायला हाक मारली की उठायचो.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. नदीतला कटला पूर आला की अंडी घालतो. तळ्यात कोंडलेला घालत नाही. त्याला इंजेक्शन द्यावं लागतं. संध्याकाळी माद्यांना मोठा डोस, नरांना लहान. मग सगळ्यांना गोल टाकीत सोडून पाणी फिरतं ठेवायचं. माशांना वाटतं पूर आला. पहाटे माद्या अंडी सोडतात, नर त्यांच्या मागे धावतात आणि अंड्यांवर आपला दुधासारखा चीक सोडतात. तीन दिवसांनी जिऱ्याएवढी पिल्लं तयार होतात. त्यांना आम्ही जिरंच म्हणतो.

या वेळी जिरं म्हसवडकडच्या एका तलावाच्या सोसायटीला जायचं होतं. त्यांची गाडी येत्या सोमवारी येणार होती.

"औषध हिनं भरलं, सुया हिनं मारल्या," माझा मुलगा जयराज टाकीच्या कठड्यावर हात आपटत म्हणाला. "दुसरं कोण जबाबदार? आबा, उद्या संध्याकाळच्या एसटीनं हिला घरी, कवठे महांकाळला पाठवतो."

शिवांजलीने पेला कठड्यावर ठेवला. मत्स्यशास्त्राची पदवी घेतलेली, चैत्रात आमच्याकडे कामाला आलेली मुलगी. वडिलांनी एकच वर्ष दिलं होतं तिला. ऐन हंगामात "अंडी मारणारी पोरगी" असं नाव पडून घरी गेली असती, तर दुसऱ्या कुठल्या हॅचरीने तिला दारात उभं केलं नसतं. आणि घरच्यांनीही परत बाहेर सोडलं नसतं.

"उद्या संध्याकाळपर्यंत थांब," मी जयराजला म्हणालो. "उद्या दुसरी जोडी टाकीत सोडायचीच आहे. त्याच्या आधी मी सांगतो काय झालं ते."

"तुम्ही?"

"बावीस वर्षं हेच केलं रे. चोर पकडले, खोटे पकडले. अंडी काय अवघड आहेत?"

त्याने मान हलवली. मी उठून इथवर आलो यातच त्याला बरं वाटलं असावं.

२

पहिल्यांदा नानासोला हॅचरीच्या शेडमध्ये गाठलं. नानासो विजयमालाचा धाकटा भाऊ. या भागातले बरेच लोक सोनं गाळायच्या धंद्यात देशभर पसरलेत, तसा तोही पंचवीस वर्षं कोईमतूरला गलाईच्या दुकानात होता. नऊ वर्षांपूर्वी परत आला आणि बहिणीच्या हॅचरीत रमला. तळ्यातून मासे धरायचे, नर-मादी ओळखून वेगळे करायचे, हे त्याचं काम. हात लावला की मासा ओळखतो, असं त्याचं नाव होतं चार गावांत.

तो नुकताच रेशन दुकानातून रिकाम्या पिशव्या घेऊन आला होता.

"यंत्रानं परत ओळख दिली न्हाई दाजी. चार येळा अंगठा लावला. तो दुकानदार म्हणतोय, मामा, तुमी जित्तं हाय न्हवं?"

"मग काय म्हणालास?"

"म्हटलं, मेलो असतो तर गहू मागाय आलो असतो का रं?"

शिवांजलीने शेडमधल्या चुलीवर चहा केला होता. स्टीलचे पेले भरले. माझा मी धोतराच्या सोग्यात धरला. नानासोने त्याचा फडताळाखालच्या फळीवरून उचलून घेतला आणि फुंकर मारत प्यायला लागला. फळीवर विजयमालाचा एक जाड चिनी मातीचा कप पालथा पडला होता, कान असलेला. नानासोला चहा द्यायचा तर ती त्याच कपातून द्यायची. लाडका भाऊ, म्हणून मी चिडवायचो.

"नर किती घेतले होते?" मी विचारलं.

"चार. माद्या दोन, मधल्या तळ्यातनं. नर चिंचेखालनं."

"नीट बघून घेतलेस?"

"आवं दाजी, हे काय इचारनं झालं? येक येक परावर बोट फिरवून घेतलाय."

नर ओळखायची ही आमची रीत. नराच्या कल्ल्यामागचा पर आतून पॉलिश पेपरसारखा खरखरीत असतो. मादीचा गुळगुळीत.

"पोट दाबून चीक बघितलास?"

"हंगामाची दुसरी खेप हाय. चीक कमीच येतोय. परावरच भिस्त." त्याने पेला खाली ठेवला. "आक्का असती तर तिनं मनगटावर घासून बघितला असता. तिचं आपलं ते असायचं."

मला ते आठवलं. नानासोने नर हातात दिला की विजयमाला बांगड्या वर सारायची आणि माशाचा पर मनगटाच्या आतल्या बाजूवर एकदा ओढायची. मगच त्याला टाकीत सोडायची. "बांगड्यांना नवरा दाखवतेस काय गं?" असं मी म्हणायचो. "तुमी तुमचं पाणी बघा," ती म्हणायची.

"मग सकाळी मासे परत कुठं सोडलेस?"

"चिंचेखालीच. माद्या मधल्यात." नानासो उठला. जाता जाता दारात थांबला. "दाजी, पोरीचं काय खरं न्हाई का?"

"का रे?"

"काय न्हाई. पोरगी गुणाची हाय."

तो गेला. माझ्या पेल्यावर अजून साय धरली नव्हती, इतका चहा गरम होता.

३

आमच्या बांधाला लागून धन्यकुमारची द्राक्षबाग आहे. सांगलीकडचं हे जैन कुटुंब इथे येऊन तीस वर्षं झाली. जयराजचा दुसरा संशय त्याच्यावर होता. सोमवारी त्याने बागेत फवारणी केली होती आणि आमच्या टाकीचा पाट त्याच्या बागेच्या कडेने येतो.

"या सुभेदार," तो म्हणाला. "आठ महिन्यांनी आलात. बसा. गुणमाला, ताक आण गं!"

मी सरळ विचारलं.

तो मोठ्याने हसला. "आम्ही संध्याकाळनंतर जेवत नाही, पायाखाली किडा येईल म्हणून खाली बघत चालतो. आणि तुमची लाखभर अंडी मारणार होय आम्ही?"

"जाणूनबुजून असं नाही म्हणत मी."

"फवारा मारला, खरं आहे. सकाळी मारला. तुमचा पाट दुपारी चालू झाला. आणि तेच पाणी माझ्या गाभण गाईनं प्यालंय. चला, दाखवतो."

गाय मजेत रवंथ करत होती.

"विजूताई होत्या तेव्हा फवारणीच्या आदल्या दिवशी मी बांधावरून हाक मारायचो," धन्यकुमार म्हणाला. "आता कोणाला मारायची, म्हणून थेट पाटावर प्लास्टिकचा कागद अंथरला. जाऊन बघा, अजून आहे."

गुणमालाबाई ताक घेऊन आल्या. त्या म्हणाल्या, "मासे आम्हाला चालत नाहीत, पण विजूताई चालायच्या. त्यांच्या टाकीत विष कालवेल का कोणी?"

कागद होता. तरी मी टाकीच्या पाण्याची खात्री करून घ्यायचं ठरवलं. त्याच पाण्याची एक बादली भरली, त्यात बोटाएवढी दहा पिल्लं सोडली आणि शेडच्या सावलीत ठेवली. दुपार उलटून गेली तरी दहाच्या दहा पळत होती. पाण्यात काही नव्हतं.

मग मी शेडमध्ये गेलो. जुनी सवय. केर कुठे टाकतात, राख कुठे टाकतात, हे पहिल्यांदा बघायचं. चुलीमागच्या राखेत काडी घालून ढवळलं तेव्हा काहीतरी चमकलं.

औषधाची बाटली होती. फुटलेली. कोणीतरी राखेत खोल पुरलेली.

४

शिवांजली बांधावर बसून जाळं दुरुस्त करत होती. मी बाटलीचा तुकडा तिच्यासमोर ठेवला. तिच्या हातातली दोरी सुटली.

"माझ्या हातून पडली, आबा. सोमवारी संध्याकाळी."

"पुरलीस का?"

"जयराजदादा म्हसवडला गेले होते. परत आल्यावर ओरडतील म्हणून. चुकलंच माझं."

"मग डोस कुठून दिलास? पाणी मिसळून वाढवलंस?"

"नाही!" ती एकदम म्हणाली. "माझ्या पेटीत एक बाटली होती. कॉलेजच्या सरांनी निरोपाला दिलेली. तीच वापरली. माद्यांनाही आणि नरांनाही. तारीख बघितली होती. डोस कमी पडू नये म्हणून वजनही दोनदा केलं." तिने बोटांनी डोळे पुसले. "पण आता कोण खरं मानणार? दादांना हे कळलं तर उद्याची वाटही बघणार नाहीत."

मी तिच्याशेजारी बसलो. जयराजला हे सांगितलं असतं तर प्रकरण तिथेच संपलं असतं. फुटलेली बाटली, लपवलेली, भलतंच औषध. याहून कमी पुराव्यावर मी जवानांना आत टाकलेलं आहे.

पण एक गोष्ट जुळत नव्हती.

"माद्यांनी अंडी सोडली ना?"

"सोडली. नेहमीपेक्षा कमी. पोटं अजून अर्धी भरलेलीच होती."

"औषध खोटं असतं तर?"

ती माझ्याकडे बघायला लागली. "तर सोडलीच नसती," ती हळूच म्हणाली. "एकही नाही."

"मग औषध खरं होतं. पाणीही खरं आहे, मी बघितलं. अंडी कशानं मरतात आणखी?"

"मेली कुठं आबा? मरायला आधी जीव धरावा लागतो. मी भिंगाखाली बघितलं. आत काही सुरूच झालं नव्हतं. कोरी होती सगळी."

"हे जयराजला सांगितलंस?"

"सांगितलं. ते म्हणाले, नरांना डोस कमी पडला असेल, म्हणजे तरीही मीच."

"इंजेक्शन देताना तू नरांचा पर बघितलास?"

"नानासोमामांनी हातात दिलेला नर, आबा. मी काय बघायचं त्यात? डोकं ओल्या फडक्यात गुंडाळून देतात ते. मी वजन करते आणि सुई मारते."

मी तुकडा खिशात टाकला. "हे मी आणि तू. उद्या संध्याकाळपर्यंत."

५

बुधवारी पहाटे जाग आली आणि मी पडून राहिलो. बाहेर काहीच आवाज नव्हता. टाकी आमच्या खोलीच्या भिंतीपासून पन्नास पावलांवर आहे. दर वर्षी ज्या पहाटे मासे अंडी घालतात, त्या पहाटे झोप लागत नाही. नर माद्यांच्या मागे असे धावतात की पाणी उसळतं, शेपट्या कठड्यावर आपटतात, धोबीघाटासारखा आवाज येतो. विजयमाला मला कोपराने ढोसायची. "उठा, वरात आली."

मंगळवारी पहाटे मला जाग आली नव्हती. सात वाजता उठलो होतो. मला वाटलं वय झालं.

मी अंथरुणात उठून बसलो. वय नव्हतं झालं. आवाजच झाला नव्हता.

टाकीत कोणी कोणाच्या मागे धावलंच नव्हतं. माद्यांनी औषधाच्या जोरावर जमतील तेवढी अंडी सोडली आणि ती तशीच कोरी राहिली. टाकीत नर चार होते, असं सगळे म्हणत होते. जयराज म्हणत होता, शिवांजली म्हणत होती, मीही धरून चाललो होतो. का? तर नानासोने हात लावून बघितले होते म्हणून. बाकी प्रत्येक गोष्टीची मी झडती घेतली होती. पाण्याची, औषधाची, शेजाऱ्याची. नानासोच्या बोटांची कोणी घेतली नव्हती.

आणि मग एकेक गोष्ट येत गेली. यंत्रावर न उठणारा अंगठा. मला धोतरातून धरावा लागणारा पेला, जो त्याने नुसत्या हातात घेतला. गलाईतलं तेजाब, सोनं साफ करायचं ॲसिड, ज्यात पंचवीस वर्षं बोटं जात-येत होती. फळीवरचा कानाचा कप. बांगड्या वर सारून मनगटावर ओढलेला मासा.

लाडका भाऊ म्हणून कप. बांगड्यांना नवरा दाखवायचा म्हणून मनगटावर मासा. नऊ वर्षं मी दोन्हीवर विनोद केले आणि ती हसत राहिली.

मी तोंड धुतलं आणि जयराजला उठवलं.

"चिंचेखालच्या तळ्यात कोण आहे रे?"

"आत्ता?" तो डोळे चोळत म्हणाला. "जूनच्या खेपेतल्या माद्या. अंडी देऊन रिकाम्या झालेल्या. आराम करायला सोडल्यात."

"तिथं तर आई नर ठेवायची."

"हो, पण उन्हाळ्यात ते तळं गळायला लागलं ना. तेव्हा नर लांबट्यात हलवले. जूनची खेप तिथूनच केली. मग तळं दुरुस्त झालं, तोवर लांबट्यात नर रुळले होते. मी माद्या इकडे सोडल्या. नानासोमामा तेव्हा आठ दिवस कोईमतूरला लग्नाला गेले होते."

"आल्यावर त्याला सांगितलंस?"

जयराज थांबला. "त्यांना काय सांगायचं आबा? मासा हातात घेतला की त्यांना कळतं."

६

नानासो मला चिंचेखाली भेटला. मी सांगायच्या आधीच त्याने जाळं पाण्यात टाकलं होतं. त्याच्या मनात काही तरी असणार. पहिला मासा त्याने उचलून माझ्यापुढे धरला.

मी बाही वर सारली. पर मनगटावर ओढला. गुळगुळीत. ओल्या साबणासारखा.

दुसरा. तिसरा. सात मासे निघाले. सातही माद्या. अंडी देऊन पोटं खपाटीला गेलेल्या, दिसायला नरासारख्या सडपातळ.

नानासो गुडघाभर पाण्यात उभा राहिला. त्याने आपली बोटं उजेडात धरली. पेरांवरच्या रेषा पुसून गेल्या होत्या, कातडी मेणासारखी.

"काल सकाळपास्नं छातीत धडधड हुतंय," तो म्हणाला. "परत सोडताना येकीच्या पोटाला सुरकुत्या दिसल्या. वाटलं, हे काय नराचं प्वाट न्हवं. पर तोंडानं म्हणवंना. म्हटलं, तुझं तूच काय तरी बोलतोयस."

"कधीपासून लागत नाही?"

"कोईमतूरलाच गेलं. आधी चटका कळंना, मंग नाणं कळंना. खिशात हात घातला की बघाय लागतंय काय हाय ते."

"विजूला ठाऊक होतं."

तो खाली बघून हसला. "पयल्याच वर्साला धरलं आक्कानं. नर म्हणून मादी दिली म्या तिच्या हातात. मला वाटलं आता गावभर करतीया. ती म्हणली, कुणाला सांगत न्हाई. तू धर, डोळ्यानं निवड, आन् फकस्त माझ्या हातात देत जा. नऊ वर्सं दिलं दाजी. येकदा पण चुकलं न्हाई आमचं."

 माद्या जाळ्यात शेपट्या हलवत होत्या. मी त्यांना सोडून दिलं.

"ती गेल्यावर तू बोलायचं होतंस."

"कुणाला बोलू? तुमी खुर्चीवरनं उठत न्हवता." मग तो म्हणाला, "रागावून न्हाई म्हणत म्या."

"माहीत आहे."

"दुसरं काय येतंय मला? गलाई सुटली. हे पण न्हाई म्हणलं तर काय, दारात बसून माश्या हाकू?"

७

दुपारी चारला सगळे चिंचेखाली जमले. जयराज, शिवांजली, नानासो. धन्यकुमारही बांध ओलांडून आला होता. "आरोपी आहे मी, यायलाच पाहिजे," म्हणाला.

मी उभ्यानेच सांगितलं. पाण्यात विष नव्हतं, कारण त्याच पाण्यात पिल्लं जगली. औषध खरं होतं, कारण माद्यांनी अंडी सोडली. अंडी मेली नव्हती, कोरी होती. म्हणजे टाकीत नर नव्हते. पहाटे पाणी वाजलं नाही, तेही त्यामुळेच. चिंचेखालच्या तळ्यातून आलेले चारही नर खरं तर माद्या होत्या. तळ्यातले मासे बदलले होते आणि नानासोला कोणी सांगितलं नव्हतं; तळं दुरुस्त झालं म्हणजे नर तिथे परत आले, असं तो धरून चालला.

फुटलेल्या बाटलीचा तुकडा माझ्या खिशात होता. तो खिशातच राहिला.

जयराजचा चेहरा उतरला. "म्हणजे चूक माझी," तो म्हणाला. "मी सांगायला हवं होतं."

मी तिथेच थांबणार होतो. जेवढं सांगितलं ते सगळं खरं होतं आणि मुलीची सुटका व्हायला तेवढं पुरेसं होतं.

"निम्मीच तुझी," नानासो म्हणाला.

तो पुढे आला आणि दोन्ही हात सगळ्यांसमोर पसरले.

"बोटं गेल्यात माझी. लागत न्हाई काय. आक्का झाकत हुती, म्हणून चाललं. परवा परावर बोट फिरवलं ते नुसतं दाखवाय. ह्या पोरीला आज यष्टीत बसवलं असतं, तर म्या आडवा पडनार हुतो, पर तवा तरी तोंड उघडलं असतं का, द्येवाला ठावं."

 मग शिवांजली उठली. तिने त्याचा हात धरला आणि उलटा करून बघितला, डॉक्टर बघतात तसा.

"मामा, मीही सांगते. माझ्या हातून एक बाटली फुटली आणि मी ती राखेत पुरली. दुसरी माझ्या पेटीतली वापरली." तिने जयराजकडे बघितलं. "दादा, ओरडायचं तर आत्ता ओरडा."

जयराज माझ्याकडे बघत राहिला. मी खिशातून तुकडा काढून त्याच्या हातावर ठेवला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"काल दुपारपासून."

"कवठे महांकाळची एसटी किती वाजता असते गं?" त्याने शिवांजलीला विचारलं. ती पांढरी पडली. "नाही, तुझ्या वडिलांना बोलवून घ्यावं म्हणतो. दुसऱ्या वर्षाचं विचारायला. आणि चुकलो मी. सगळ्यांसमोर बोललो होतो, म्हणून सगळ्यांसमोर सांगतो."

"मग माझी द्राक्षं निर्दोष का सुभेदार?" धन्यकुमार म्हणाला.

"तुझी गाय सुटली. तुझं बघू."

संध्याकाळी लांबट्या तळ्यात जाळं टाकलं. नानासो कंबरभर पाण्यात उतरला. त्याची नजर अजून चांगली आहे. तो निवडायचा आणि माझ्या हातात द्यायचा. मी पर मनगटावर ओढायचो. पहिलाच नर असा खरखरीत लागला की कातडीवर लाल रेघ उठली. मी विजयमालाच्या मनगटावर अशा रेघा कितीदा बघितल्या होत्या. मला वाटायचं, बांगड्यांनी पडतात.

"काय दाजी, हाय का?"

"आहे. दे पुढचा."

शिवांजलीने सुया मारल्या. अंधार पडायच्या आत चार नर आणि दोन माद्या टाकीत फिरायला लागल्या.

गुरुवारी पहाटे मला आवाजाने जाग आली. पाणी आपटत होतं, शेपट्या कठड्यावर वाजत होत्या. मी सवयीने डावीकडे हात नेला आणि तसाच परत घेतला. थोडा वेळ एकटाच ऐकत पडलो. मग नानासोची हाक आली, "दाजी! आवं उठा! पाणी लय उसळतंय!"

सकाळी शिवांजलीने पेला आणून दाखवला. शिजलेला साबुदाणा. प्रत्येक दाण्याच्या आत एक बारीक ठिपका. सोमवारी म्हसवडची गाडी रिकामी जाणार नव्हती.

मी शेडमध्ये गेलो आणि चहा टाकला. पेले मांडले. मग फळीवरचा कानाचा कप काढला, आठ महिन्यांची धूळ धुतली आणि त्यात नानासोचा चहा ओतला.

"आवं, पेल्यात चाललं असतं की," तो म्हणाला. "मला कुठं चटका कळतोय?"

"तुला नाही कळत. कातड्याला कळतो. धर."

त्याने कान धरून कप घेतला.